शिगम्याच्या घोड्याच्या पायात गोळा

तिसरा पेशंटही बाकावर बसला आणि त्याने उजव्या पोटरीवर हात ठेवला, तेव्हा मी सिस्टर फिलोमेनाकडे बघितलं आणि तिने छताकडे.

"दोतोरबाय, पांयाक गोळो येता," आबा म्हणाले. "फांतोडेर येता. जीव वता म्हणून दिसता."

"पहाटे? आणि उजव्याच पायाला?"

"उजव्याच. तुमी कशें वळखलें?"

त्यात ओळखण्यासारखं काही नव्हतं. त्याच आठवड्यात त्याच घरातले दोन पुरुष त्याच बाकावर बसून, त्याच पोटरीवर हात ठेवून हेच सांगून गेले होते. जाताना दाराशी थबकून दोघांनी एकच वाक्य म्हटलं होतं. आबांनीही उठता उठता तेच म्हटलं, "आनी हें आमच्या घरांत कोणाक सांगूं नाकात हां."

ते गेल्यावर सिस्टर फिलोमेनाने छातीवर क्रूस काढला. "सायबा भोगोस! दोतोर, ह्या घरांत कितें तरी आसा."

मी मूळची पेडण्याची. गोवा नुकतंच राज्य झालं होतं आणि माझी पहिली नेमणूक साखळीच्या पुढे, डिचोली तालुक्यातल्या एका गावात झाली होती. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत; का ते पुढे कळेल. सरकारी कागदावर तिथल्या दवाखान्याला रूरल मेडिकल डिस्पेन्सरी म्हणत. प्रत्यक्षात दोन खोल्या, एक ओसरी, आणि समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या खाणीच्या ट्रकांनी लाल करून सोडलेली एक पाटी. सिस्टर फिलोमेना बार्देशची. तिचा इंजेक्शन देण्याचा हात इतका हलका होता की लोक माझ्याकडे तपासून घ्यायला आणि तिच्याकडे बरे व्हायला येत.

गोळा येणं ही तशी मामुली तक्रार. पोटरीचा किंवा तळपायाचा स्नायू अचानक आखडतो आणि सुटायचं नाव घेत नाही. बोटं वाकडी होतात, पोटरीत लिंबाएवढी गाठ दिसते, आणि भलाभला माणूस अंथरुणात उठून आईच्या नावाने ओरडतो. कारणं अनेक. सवय नसताना केलेले श्रम, घामावाटे गेलेलं पाणी आणि मीठ, तासन्‌तास एका जागी बसणं, वाढतं वय, गरोदरपण, कधी मधुमेह, कधी एखादं औषध. डॉक्टरने यातलं आपल्या पेशंटचं कारण कोणतं ते शोधायचं. त्यासाठी एकच गोष्ट लागते. पेशंटने खरं बोलायला हवं.

पहिला आला होता रघुनाथ. वय पन्नाशीच्या आतबाहेर, खाणीच्या ऑफिसात हेडक्लार्क, नवीकोरी स्कूटर. इस्त्रीच्या शर्टातला हा गृहस्थ सगळ्या गावाला एकाच गोष्टीसाठी माहीत होता. शिगम्याचा घोडा त्याचा.

आमच्या भागात शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणाला, घोडेमोडणी असते. बांबूच्या सांगाड्याला लाकडी घोड्याचं तोंड बसवतात, वर रंगीत कापड घालतात आणि तो सांगाडा नाचणाऱ्याच्या कमरेला काथ्याच्या दोराने करकचून बांधतात. डोक्याला तुरेवालं मुंडासं, पायात घुंगरू, हातात तलवार. ढोल-ताशावर माणूस नाचतो आणि लोकांना घोडेस्वार दिसतो. कुठल्या घराने नाचायचं हे ठरलेलं असतं. या गावात तो मान रघुनाथच्या घराचा होता. आधी त्याचे काका, म्हणजे आबा नाचायचे. त्यांनी घोडा उतरवला तेव्हा तो रघुनाथकडे आला.

"शिगमो लागीं पावलो, बाय," रघुनाथ हळू आवाजात म्हणाला. "घोडो नाचताना पांय थांबलो जाल्यार..."

"तर काय?"

"थंयच्या थंय घोडो सोडटात आनी फाटल्याक बांदतात. मागीर तो परत मेळना. जल्मांत मेळना."

मागचा म्हणजे पुंडलीक, त्याचा चुलतभाऊ. साखळीच्या बाजारात त्याचं किराणा मालाचं दुकान. घोड्याच्या मागून दोर हातात घेऊन चालायचा मान त्याचा. हेडक्लार्कची नोकरी गेली असती तरी रघुनाथने ती सहन केली असती. घोडा गेला असता तर तो गावात तोंड दाखवू शकला नसता. हे त्याने सांगितलं नाही, पण त्याचे डोळे भरून आले होते आणि मला त्याची मनापासून दया आली.

मी रीतसर विचारलं. "सध्या काही जास्तीचे श्रम? चालणं, चढणं?"

"ना गे. हांव सदांच स्कूटरीर."

"घरात काही उपाय केले?"

केले होते. लसूण घातलेलं खोबरेल चोळलं होतं. फेणी चोळली होती. बायकोने उशाशी लोखंडी चावी ठेवली होती, आईने दृष्ट काढली होती. फेणी फक्त बाहेरूनच, हे त्याने शपथेवर सांगितलं, कारण शिगम्याच्या आधी तो शिवराक असतो. म्हणजे मासे, मटण, दारू सगळं बंद.

मी लघवी तपासली. त्या काळी बेनेडिक्टचं निळं द्रावण परीक्षानळीत घेऊन त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. विटकरी झालं तर पेशंटच्या घरातले लाडू बंद. निळंच राहिलं. शिरा फुगलेल्या नव्हत्या, पायाची नाडी ठणठणीत होती. फक्त एक गोष्ट विचित्र दिसली. पोट तपासताना कमरेभोवती एक लालसर पट्टा होता, खरचटल्यासारखा.

"हे काय?"

"पट्टो घट्ट जाला," तो शर्ट खाली ओढत म्हणाला.

दोन दिवसांनी पुंडलीक आला. तीच पोटरी, तेच निळं द्रावण, "श्रम कसले, हांव दिसभर गल्ल्यार बसून आसतां," आणि कमरेभोवती तोच लाल पट्टा. सिस्टरने मला बाजूला घेऊन कानात सांगितलं, "नागीण!" नागिणीने कमरेला विळखा पूर्ण केला की माणूस जातो, असं लोक मानतात. मी तिला म्हटलं, नागीण शरीराच्या एकाच बाजूला उठते, दोन्हीकडे सारखी उठत नाही. त्यावर ती म्हणाली, "मग दोन नागिणी."

आणि मग आबा. सत्तरीला टेकलेले. पोटरी, पट्टा, गुपित, सगळं तेच.

आता मला काळजी वाटायला लागली. एका घरातल्या तीन माणसांना एकाच वेळी एकच लक्षण दिसलं, तर डॉक्टरने घरातल्या पाण्याचा आणि अन्नाचा विचार करायचा, असं आम्हाला शिकवलेलं असतं. मी डिचोलीला आमच्या हेल्थ ऑफिसरांना फोन केला. डॉ. कुंकळ्येकर सज्जन गृहस्थ होते. पण गोवा राज्य झाल्यापासून त्यांना एका गोष्टीची धास्ती बसली होती.

"तीन केसेस? एका घरात? डॉक्टर, हे क्लस्टर आहे!" क्लस्टर म्हणजे एकाच जागी झालेला आजाराचा झुबका. "आणि स्किनवर मार्क? विहिरीत काहीतरी आहे. उद्या विधानसभेत प्रश्न विचारतील!"

"सर, फक्त पोटरीत गोळे..."

"आज गोळे, उद्या काय? आता आपण केंद्रशासित नाही, राज्य आहोत! विहिरीच्या पाण्याचं सँपल घ्या. दुपारच्या बसने पणजीला गेलं पाहिजे. आणि कुणाला कळता कामा नये. पॅनिक नको."

दुपारच्या बसने न्यायचं म्हणजे सँपल भर दुपारी घ्यायला हवं. आणि भर दुपारी गोव्यात कुणाच्या घरी जायचं नसतं. जेवण झालं की दारं लोटली जातात, दुकानांच्या फळ्या लागतात, कुत्रीसुद्धा भुंकायचं सोडून सावलीत आडवी होतात. या वेळी कडी वाजवणारा माणूस एकतर मयताची बातमी आणतो किंवा पोस्टमन नवा असतो. पण 'कुणाला कळता कामा नये' हे त्यामुळे आपोआप साधणार होतं. मी आणि सिस्टर फिलोमेना बाटली घेऊन वरच्या रस्त्याने निघालो. घराच्या मागे उतारावर त्यांचं कुळागर होतं, म्हणजे पोफळी-नारळाची बाग, आणि विहीर अगदी खाली. कुणाला न उठवता मागूनच उतरायचं, पाणी भरायचं आणि परत यायचं.

फणसाच्या झाडापाशी आलो आणि सिस्टरने माझा दंड धरला.

"दोतोर. पळय."

खाली गोठ्यामागे रघुनाथ होता. बनियन आणि हाफ पँट. कमरेला काथ्याच्या दोराने दिवाणखान्यातला लोड बांधलेला, पुढचं टोक वर काढलेलं. एका हातात लगाम म्हणून दोरी, दुसऱ्या हातात छत्री. उजव्या पायाच्या चवड्यावर सगळा भार, डावा गुडघा वर, एक झेप, परत उजव्या चवड्यावर. हेडक्लार्क घोडा झाला होता.

मी हसू आवरतेय तोच सिस्टरने पुन्हा दंड दाबला. डावीकडे पोफळींच्या रांगेत पुंडलीक होता. त्याने कमरेला तेलाचा रिकामा डबा बांधला होता आणि डबा वाजू नये म्हणून त्यात गोणपाट कोंबलं होतं. ओठ हलत होते. नीट कान दिला तर ऐकू येत होतं, "धों धों तडाक, धों धों तडाक." तोंडानेच ढोल वाजवत होता बिचारा.

मी विहिरीकडे बघितलं. विहिरीच्या काठाशी, मोकळ्या सारवलेल्या जागेत आबा होते. पोफळीची वाळकी झावळी दोन पायांत धरून कमरेला बांधलेली. सत्तरीचा माणूस, डोळे मिटलेले, आणि काय नाचत होता! खरं सांगते, तिघांत तेच उत्तम नाचत होते.

मधे गोठा होता, झाडी होती, उतार होता. तिघांपैकी एकालाही बाकीचे दोघे दिसत नव्हते. प्रत्येकाची खात्री होती की बाकी घर झोपलंय. आम्हाला मात्र वरून तिन्ही घोडे दिसत होते. सिस्टर फिलोमेनाने रुमालाचा बोळा तोंडात कोंबला आणि फणसाच्या बुंध्याला डोकं टेकवून ती गदगदा हलत राहिली.

विहीर आबांनी अडवलेली असल्यामुळे पाणी मिळालं नाही. शेवटी शेजारच्या, पण त्याच झऱ्याच्या विहिरीतून बाटली भरली आणि बसच्या कंडक्टरच्या हवाली केली. कारण मात्र मिळालं होतं. वर्षभर खुर्चीत बसायचं, आणि शिगमा आला की टळटळीत उन्हात अनवाणी, एकाच पायाच्या चवड्यावर दुपारभर उड्या मारायच्या. ती पोटरी आखडली नसती तरच नवल. कमरेचा पट्टा काथ्याचा होता.

दुसऱ्या दिवशी रघुनाथला बोलावून घेतलं.

"रघुनाथराव, दुपारी झोपता का?"

त्याने आधी ओसरीवर कुणी आहे का ते बघितलं. मग त्याने दार लोटून घेतलं आणि मला सगळं समजावलं. घोडा शिकायचा नसतो. तो अंगात असावा लागतो. वर्षभर कुणी घोड्याला हात लावत नाही, पाऊल टाकून बघत नाही; त्या दिवशी मांडावर ढोल वाजला की पाय आपसूक नाचतात. मांड म्हणजे गावाची शिगम्याची ठरलेली जागा. ज्याला सराव करावा लागतो, त्याच्या अंगातून घोडा गेला असं समजतात.

"इतकी वर्षं केला नाहीत ना सराव?"

"केन्नाच ना. पूण गेल्या वर्सा दम लागलो, बाय. कोणाक कळ्ळें ना. म्हाका कळ्ळें."

मी विचारलं, खाता काय? कळलं की शिवराक राहणं कमी वाटून यंदा त्याने आणखी एक नेम धरला होता. एकवेळ जेवण, तेही अळणी, आणि दिवसभर पाणी नाही.

"मीठ सोडायला देवाने सांगितलं?"

"ना. हांवेंच थारायलें."

"मग तुम्हीच मोडा. देव मधे येणार नाही."

पुंडलीक आला तेव्हा त्याने आधी साफ नाकारलं. मी फक्त "तेलाचा डबा" एवढंच म्हटलं आणि तो खाली बसला. "वायट समजूं नाकात. रघुनाथाचो पांय थांबचो अशें म्हाका दिसना. पूण थांबलो जाल्यार घोडो म्हजेकडेन येतलो. आनी म्हजो पांयय थांबलो जाल्यार लोक कितें म्हणटले?" त्यानेही अळणी धरलं होतं, देवाला मोबदला म्हणून.

आबांनी तर वाद घातला. "दोगांकय जमचें ना, दोतोरबाय. एकटो स्कूटरीर, दुसरो गल्ल्यार. मागीर घराचो घोडो कोण नाचयतलो? म्हातारोच न्हय?" त्यांच्या आवाजात कुरकुर होती, पण डोळ्यांत वेगळंच काहीतरी चमकत होतं. घोडा उतरवून इतकी वर्षं झाली तरी त्या माणसाचा पाय घोड्यातून बाहेर आला नव्हता.

माझी पंचाईत लक्षात घ्या. एका पेशंटची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. तिघांनाही मी शब्द दिलेला. सराव बंद करा म्हणावं, तर तिघांचाही जीव जाईल. करा म्हणावं, तर ऐन वेळी पोटरी दगा देईल. पाय हळूहळू ताणून तयार करायला हवा होता, तोही उघड्यावर, उन्हं उतरल्यावर, पोटात मीठ-पाणी असताना. आणि हे घर तर पाऊल टाकायलासुद्धा घाबरत होतं.

शेवटी मी चिठ्ठीवर लिहिलं, 'व्यायाम, दिवसातून दोन वेळा.' तिघांनाही एकच चिठ्ठी. सरावाला बंदी होती. औषधाला नव्हती.

व्यायाम साधा. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, दोन्ही हात भिंतीला. दुखरा पाय मागे घ्यायचा, गुडघा सरळ, टाच जमिनीला घट्ट. पुढचा गुडघा वाकवायचा आणि अंग पुढे झुकवायचं. मागची पोटरी ताणली जाते, तशीच थोडा वेळ धरायची. मग चवड्यांवर उभं राहून टाचा वर-खाली. गोळा आलाच तर पाय सोडून द्यायचा नाही, उड्या मारायच्या नाहीत. टाच टेकवायची, पायाची बोटं आपल्याकडे वर ओढायची आणि पोटरी ताणायची, म्हणजे स्नायूला सुटावंच लागतं. नंतर गरम पाण्याने शेक. सकाळी मीठ घातलेली पेज, दिवसभर पाणी, दुपारी सोलकढी. कॅल्शियमच्या गोळ्याही दिल्या. त्यांचा फारसा उपयोग नसतो, पण गोळी दिली नाही तर औषध दिलं असं आमच्याकडे कुणाला वाटत नाही.

संध्याकाळी रघुनाथ घराच्या सोप्यावर भिंत ढकलू लागला. थोड्या वेळाने पुंडलीक आला, त्याने बघितलं, आणि शेजारची भिंत धरली. मग आबा.

रघुनाथ दुसऱ्या दिवशी धावत आला. "बाय, पुंडलीकाकय गोळो येता?"

"हा व्यायाम चाळिशीच्या वरच्या सगळ्यांना आहे," मी म्हटलं. मग ते खरं करणं भाग पडलं. डिस्पेन्सरीच्या ओसरीवर मी फळा लावला. पायाच्या व्यायामाबद्दल मी मराठीत लिहिलं, सिस्टरने खाली रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीत. त्या दिवसांत मराठी की कोंकणी यावरून भल्याभल्यांचं बोलणं बंद झालं होतं. पणजीहून येणारी आरोग्याची पोस्टर्स तर, ती कुठल्या भाषेत छापायची हे ठरेपर्यंत, नुसत्या इंग्रजीत येत आणि त्यांत लोक भजी बांधून नेत. पोटऱ्यांच्या बाबतीत मात्र गावात मतभेद झाला नाही. दुसऱ्या वाड्यावरून निरोप आला, "आमका कित्याक ना सांगलें?" चार दिवसांत ज्याला बघावं तो भिंत ढकलत होता.

डॉ. कुंकळ्येकरांचा फोन आला. "कारण काय मिळालं?"

"श्रम, सर. सवय नसलेले."

"तिघांना एकदम? कसले?"

"सीझनल आहे, सर."

"हं," ते म्हणाले. "तरी मी शिगम्याला येतो. परिस्थिती प्रत्यक्ष बघायला हवी."

शिगम्याच्या दिवशी उन्हं कलली आणि मांडावर ढोल तापले. रघुनाथ आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. कपाळाला गुलाल, डोक्याला मुंडासं, कमरेला खराखुरा घोडा. मागे दोर धरून पुंडलीक. देवळाच्या पायरीवर आबा बसले होते. पाय थांबला की नाही हे सांगायचा अधिकार त्यांचा. माझ्या शेजारी डॉ. कुंकळ्येकर, पांढऱ्या सफारीत.

"ओस्सय! ओस्सय!" लोक ओरडले आणि घोडा उडाला.

सगळे घोड्याच्या तोंडाकडे बघत होते. मी उजव्या पायाकडे. मांडावरून तो नाचत नाचत देवळासमोर आला. सुंदर नाचला. पेज लागू पडली, मी मनात म्हटलं, आणि तेवढ्यात त्याची पोटरी आखडली. कातडीखाली गाठ सरकलेली मला स्पष्ट दिसली. पायाची बोटं वाकडी झाली. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळे माझ्याकडे वळले. इतकी भेदरलेली नजर मी लेबर रूममध्येही कमी बघितली आहे.

मी काय करणार? भर मांडावर ओरडायचं? मी नुसती टाच जमिनीवर आपटली.

रघुनाथने उजवा पाय मागे टाकला. टाच टेकवली. डावा गुडघा वाकवला आणि अंग पुढे झोकलं. तिथे भिंत नव्हती, त्यामुळे तो झुकतच गेला, झुकतच गेला, आणि घोड्याचं लाकडी तोंड देवळासमोर जमिनीला लागलं.

ढोल अडखळले. ढोलवाल्याने आबांकडे बघितलं. सगळ्या गावाने आबांकडे बघितलं. पुंडलीक दोर सोडवायला एक पाऊल पुढे आला आणि तिथेच खिळला. त्याचाही उजवा पाय हळूच मागे गेला, टाच टेकली, आणि तो घोड्याच्या मागे तसाच झुकला. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. त्याला काय झालंय ते मला कळलं, आणि आबांनाही कळलं असावं.

आबा पायरीवरून उठले. हात वर केला.

"नमस्कार करता तो!" म्हातारा गरजला. "देवाक नमस्कार करता! वाजयात!"

आणि त्यांनी स्वतः उजवा पाय मागे घेतला, टाच टेकवली आणि वाकून नमस्कार केला. आबांनी केल्यावर बाकीच्यांनी केलाच. सगळा मांड एक पाय मागे टाकून, टाच टेकवून वाकला. ढोल हळू वाजले, मग चढत गेले. तेवढ्या वेळात स्नायू सुटला. रघुनाथ सरळ झाला, डोळे पुसले, आणि असा उडाला की मागच्या वर्षी दम लागलेला माणूस हाच, हे कुणाला खरं वाटलं नसतं. मी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या.

"काय ग्रेस!" डॉ. कुंकळ्येकर माझ्या कानाशी म्हणाले. "हा घोड्याचा नमस्कार फार प्राचीन असतो, डॉक्टर. तुम्ही पेडण्याच्या, तुम्हाला माहीत नसेल."

दुसऱ्या दिवशी पुंडलीक शेक घ्यायला आला. "घोडो म्हाका बांदिल्लो जाल्यार हांव थंयच आडवो जातलों," तो म्हणाला. मग शेक पोटरीवर दाबत, "बरें जालें. भावाकडेनच बरो दिसता तो." आबा मात्र आले नाहीत. त्यांनी सिस्टरबरोबर नुसता निरोप पाठवला की त्यांच्या पायात सकाळपासूनच गोळा होता, तेव्हा तिसरा उमेदवार कुणी नव्हताच. पाण्याचा रिपोर्ट शिगमा संपल्यावर आला: पिण्यास योग्य.

पुढच्या वर्षी मी पुन्हा बघायला गेले. रघुनाथने वर्षभर भिंत ढकलली होती, पेज सोडली नव्हती. गोळा वगैरे काही आला नाही. तरी देवळासमोर त्याने पाय मागे घेतला, टाच टेकवली आणि घोड्याचं तोंड जमिनीला लावलं. पाठोपाठ सगळा गाव. नंतर मी विचारलं, "परत आला होता?"

"ना गे बाय," तो गंभीरपणे म्हणाला. "थंय नमस्कार करचोच पडटा."

गेल्या शिगम्याला, निवृत्त झाल्यावर, मी सहज तिकडे गेले. आता पुंडलीकाचा नातू नाचतो. माझ्या शेजारी एक तरुण शिक्षक उभे होते. त्यांनी मला समजावून सांगितलं की या जागी पूर्वी लढाईत एका शूर सरदाराचा घोडा पडला होता, त्याच्या स्मरणार्थ घोडा इथे वाकतो. मी विचारलं, किती जुनी प्रथा?

"पूर्वापार," ते म्हणाले.

पेशंट डॉक्टरचं ऐकत नाहीत, अशी तक्रार आम्ही डॉक्टर जन्मभर करत असतो. मी सबंध नोकरीत पायाच्या गोळ्यावर हा एकच उपाय सांगत आले. चिठ्ठ्या लिहिल्या, फळे लावले, घसा कोरडा केला. रघुनाथ सोडला तर आठवडाभराच्या वर कुणी केला नाही. या एका गावात मात्र म्हातारेकोतारे, बायका, मुलं, एकूण एक माणूस दरवर्षी न चुकता तो करतो, आणि टाच अगदी बरोबर टेकवतो. तेव्हा तरुण डॉक्टरांना एवढंच सांगते: सल्ला टिकावा असं वाटत असेल, तर तो आपल्या नावावर राहू देऊ नका.